माघारीच्या पत्रावरची सही

मतदान करून बाहेर आल्यावर बोटावरची शाई वाळेपर्यंत मी शाळेच्या कट्ट्यावर दोन मिनिटं थांबतो. त्या दोन मिनिटांत दर निवडणुकीला मला एकच माणूस आठवतो. छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. पण ज्याच्याबद्दल मनापासून आदर वाटावा असा माणूस पोलीस ठाण्याच्या कामात क्वचितच भेटतो. हा भेटला, आणि तोही एका हास्यास्पद तक्रारीमुळे.

तेव्हा मी लालबाग-परळ भागातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. निवृत्तीला सहा महिने उरले होते. लोकसभेची निवडणूक लागली होती, त्यामुळे ठाण्याचं नेहमीचं काम बाजूला पडून परवान्याची हत्यारं जमा करून घेणं, सभांच्या आणि भोंग्यांच्या परवानग्या तपासणं, तडीपारीचे प्रस्ताव पाठवणं, हेच चाललं होतं. आचारसंहितेमुळे नेत्यांची नावं असलेल्या कोनशिलांवरही कागद चिकटवावा लागतो. आमच्या ठाण्याच्या हद्दीत अशा कोनशिला इतक्या होत्या की झाकायला कागद कमी पडला.

मी इथे कुणाचंही नाव सांगणार नाही. अडचण एवढीच की या प्रकरणात सगळा घोळ नावाचाच होता. तेव्हाचे विद्यमान खासदार पुन्हा उभे होते. त्यांच्याविरुद्ध उभा असलेला दुसरा बडा उमेदवार मतं फोडण्यासाठी जुनी युक्ती करत होता. खासदारांच्याच नावाचा, आडनावासकट, एखादा साधा माणूस शोधायचा आणि त्याला अपक्ष म्हणून उभा करायचा. मतदार गडबडीत चुकीचं बटण दाबतो, असा त्यामागचा हिशेब. त्याच्या लोकांना असा माणूस लोअर परळच्या एका चाळीत सापडला. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेला चावीवाला. मुंबईत कोणत्या गल्लीला किती वाजता पाणी सुटतं हे रस्त्यातल्या झाकणाखालचे व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या या माणसांच्या हातात असतं. हातात लांब लोखंडी चावी असते म्हणून चावीवाला. पुढे मी त्यांना काकाच म्हणू लागलो, तेव्हा इथेही काका म्हणतो.

अर्ज मागे घेण्याच्या मुदतीला दोन दिवस असताना सकाळी खासदारांचा प्रतिनिधी एक वकील आणि कॅमेरावाला घेऊन ठाण्यात आला. प्रतिस्पर्ध्याने काकांचं अपहरण केलं आहे, ते अर्ज मागे घ्यायला तयार होते म्हणून त्यांना डांबून ठेवलं आहे, अशी त्याची लेखी तक्रार होती. तो खुर्चीवर बसतोय तोच प्रतिस्पर्ध्याचा प्रतिनिधी आला. त्याच्याकडेही वकील होता. त्याची तक्रार अशी की खासदारांच्या माणसांनी काकांना पळवलं आहे आणि आता जबरदस्तीने अर्ज मागे घ्यायला लावणार आहेत. दोन्ही तक्रारी कोर्टाबाहेरच्या एकाच टायपिस्टकडून करून आणल्या होत्या. दोन्हींत ‘लोकशाही’ हा शब्द एकाच पद्धतीने चुकला होता.

आम्ही हरवलेल्या व्यक्तीची नोंद करताना ठरावीक प्रश्न विचारतो. उंची किती, रंग कसा, अंगात कपडे कोणते, ओळखीची खूण काय. दोघांनाही एकाही प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. फोटो मागितला तर खासदारांच्या प्रतिनिधीने सवयीने खासदारांचं पत्रक पुढे केलं. ज्या माणसासाठी लोकशाही धोक्यात आली होती त्याचा चेहरा दोघांपैकी एकालाही आठवत नव्हता.

आमच्या ठाण्यात एक महिला हवालदार होत्या, मूळच्या गिरगावच्या. अक्षर सुंदर, नजर त्याहून तीक्ष्ण. त्यांना घेऊन मी काकांच्या घरी गेलो. तिथे काकी एकट्या होत्या, मालवणकडच्या. नवरा दोन दिवस बेपत्ता असलेल्या बाईच्या चेहऱ्यावर जे दिसतं ते मला चांगलं ठाऊक आहे. यांच्या चेहऱ्यावर त्यातलं काही नव्हतं. त्या कुळीथ निवडत होत्या आणि आम्हाला पाहून हात थांबला नाही.

मी वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं. कुणी धमकी दिली का, कुणी गाडी घेऊन आलं होतं का, फोन का लागत नाही. काकींनी सांगितलं की दोन्ही बाजूंचे लोक आले होते, दोघांनीही मिठाई आणली होती आणि ती शेजाऱ्यांत वाटून टाकली. फोन तर कपाटात ठेवून गेलेत. मी जरा आवाज चढवून म्हणालो, की काकी, माणूस हरवल्याची तक्रार आहे, तुम्ही माहिती लपवताय.

त्यांनी सूप खाली ठेवलं. म्हणाल्या, “हरवूक नाय ते. गेलेत. हरवणा आणि जाणा येक नाय, सायबानू.”

मग मी मवाळ झालो. विचारलं, बरे तरी आहेत ना? त्या हसल्या. नोकरीतून सुटले तरी त्यांना स्वस्थ बसवत नाही, कुठेही पाहुणे म्हणून गेले तरी आधी नळाखाली जाऊन बसतात, असं सांगून म्हणाल्या, “खंय नळ गळता ता बघा. थंय असतले ते.”

जिना उतरताना हवालदारबाई म्हणाल्या, “साहेब, थट्टेत बोलल्या, पण खोटं नाही बोलल्या.” माझंही तेच मत होतं. चौकशीत माणूस जे रागाने सांगतो त्यापेक्षा हसत सांगतो ते जास्त कामाचं असतं, हा माझा अनुभव आहे. मी दक्षिण मुंबईतल्या जुन्या नेमणुकांमधल्या ओळखीच्या चार-पाच माणसांना फोन करून ठेवले. भायखळ्यापासून कुलाब्यापर्यंत कुठे साठी ओलांडलेला नवा पाहुणा आला आहे का आणि सार्वजनिक नळ अचानक दुरुस्त झाला आहे का, एवढंच विचारलं. एक-दोघांना वाटलं, निवृत्तीच्या आधी साहेबांचं डोकं फिरलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कफ परेडच्या मच्छीमार नगरातून फोन आला. पूर्वी मी त्या भागात असताना ओळख झालेली एक मावशी होती, सुके बोंबील विकणारी. ती म्हणाली की शेजारच्या घरात पाणी खात्यातून निवृत्त झालेला गडी राहतो, त्याच्याकडे त्याचा जुना जोडीदार आला आहे, आणि वर्षभर ठिबकणारा त्यांच्या गल्लीतला नळ कालपासून बंद केला की खरंच बंद होतो.

आम्ही साध्या कपड्यांत गेलो. वाळत घातलेल्या बोंबलांच्या रांगांतून वाट काढत गेलो तर काका एका पिंपावर बसून जोडीदाराच्या नातीला पान्याची साईज समजावून सांगत होते. बुटके, टक्कल पडलेले, हाताची बोटं जाड. मी ओळख सांगितली. ते उठले, बाजूला आले आणि म्हणाले की गुन्हा केला असेल तर येतो, नाहीतर परवा दुपारी तीननंतर येतो. मी म्हटलं, परवा नाही, माघारीची मुदत उद्या तीनला संपते. ते म्हणाले, “हां, उद्याच. इथं वार कळत नाही.”

त्यांनी जे सांगितलं ते हवालदारबाईंनी जबाबात लिहून घेतलं. मी आठवेल तसं सांगतो. प्रतिस्पर्ध्याची माणसं प्रथम घरी आली तेव्हा त्यांना बरं वाटलं होतं. चौतीस वर्षं लोकांनी त्यांना ‘ए चावीवाला’ अशीच हाक मारली होती. कुणीतरी पूर्ण नाव घेऊन, काकासाहेब म्हणून, निवडणुकीला उभे राहा म्हणालं. त्यांनी अर्ज भरला. नंतर कळलं की प्रचार करायचा नाही, घराबाहेर पडायचं नाही, फक्त नाव हवं आहे. मग खासदारांची माणसं आली. अर्ज मागे घ्या, नातवाच्या शाळेचं बघू, असं म्हणाली.

“दोघांचं वाक्य एकच होतं, साहेब,” काका म्हणाले. “‘तुम्हाला काहीच करायचं नाही, काका.’ चौतीस वर्षांत एक दिवस मी काही केलं नसतं तर अर्ध्या परळला पाणी मिळालं नसतं. मी म्हटलं, आता उभा राहिलोच आहे तर नीट उभा राहतो. घरी असतो तर दोघांपैकी कुणीतरी उचललं असतं. म्हणून इथं आलो.”

जबाबाखाली त्यांनी सही केली. एकेक अक्षर सावकाश काढलं आणि शेवटी वरची रेघ अशी ओढली की जणू पातळी लावून ओढावी. हवालदारबाई ते कौतुकाने बघत होत्या.

कायदा स्पष्ट होता. सज्ञान माणूस स्वतःच्या मर्जीने घराबाहेर आहे, तेव्हा अपहरण नाही. मी ठाण्यात येऊन दोन्ही प्रतिनिधींना कळवलं की तुमचा माणूस सुखरूप आहे, त्याने जबाब दिला आहे, पत्ता सांगायला तो तयार नाही. दोघांचीही निराशा झाली. अपहरण झालं नाही याचं इतकं दुःख मी कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी वरून फोन आला. संरक्षणासाठी त्या उमेदवाराला ठाण्यात आणून ठेवा, असं अगदी मायेने सुचवलं गेलं. संरक्षण त्याने मागितलेलं नाही, लेखी आदेश आला तर बघतो, असं मी उत्तर दिलं. लेखी आदेश आला नाही. तोंडी सांगणाऱ्याला लेखी मागणं हे सरकारी नोकरीतलं सर्वात सभ्य हत्यार आहे. तरीही त्या संध्याकाळी मी अस्वस्थ होतो. शेवटच्या सहा महिन्यांत विभागीय चौकशी मागे लागली तर निवृत्तीनंतरही ती सोडत नाही, हे मी सहकाऱ्यांच्या बाबतीत पाहिलं होतं.

माघारीच्या दिवशी निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात आमचा बंदोबस्त होता. दुपारी दोनच्या सुमारास काकांचा एक शेजारी आत गेला. अपक्षाच्या अर्जाला दहा सूचक लागतात, त्यांपैकी तो एक होता. त्याच्या हातात काकांच्या सहीचं पत्र होतं, की मी उमेदवारी मागे घेत आहे आणि ही सूचना देण्याचा अधिकार या सूचकाला देत आहे. उमेदवाराने स्वतः यायची गरज नसते. सूचकाने असं पत्र दिलं आणि सही खरी ठरली की काम संपतं. एकदा मागे घेतलेला अर्ज पुन्हा उभा करता येत नाही.

निर्णय अधिकारी बाई सावध होत्या. अपहरणाच्या तक्रारी त्यांच्याही कानावर गेल्या होत्या. त्यांनी मला आत बोलावलं आणि पत्र दाखवलं. माझ्याकडे आदल्या दिवशीचा जबाब होता. सही वेगळी दिसत होती, पण माणूस दोन तऱ्हेच्या सह्या करतो, असं शेजारी छातीठोक सांगत होता. घड्याळात सव्वादोन झाले होते. काकांकडे फोन नव्हता, आणि त्यांना आणायला गाडी पाठवली तरी ते तीनच्या आधी कुणाबरोबर निघतील याची मला खात्री नव्हती.

तेवढ्यात माझ्या मागे उभ्या असलेल्या हवालदारबाईंनी हळूच सांगितलं, “साहेब, ही सही काकांची नाही. ही सही मी रोज बघायचे.”

गणपतीच्या बंदोबस्ताबद्दल खासदारांनी आमच्या ठाण्याला एक सन्मानपत्र दिलं होतं. ते चौकटीत बसवून ठाणे अंमलदाराच्या टेबलामागे लावलेलं होतं. आचारसंहिता लागली तेव्हा भिंतीवरून उतरवून, वर्तमानपत्रात गुंडाळून हवालदारबाईंनीच ते कपाटात ठेवलं होतं. त्यावरच्या सहीचा शेवटचा फाटा मागे वळून पहिल्या अक्षराखालून जात होता आणि त्याखाली दोन टिंबं होती. माघारीच्या पत्रावर तोच फाटा होता आणि तीच दोन टिंबं.

मी मोटारसायकलवर माणूस पाठवून ते सन्मानपत्र आणवलं. दोन्ही कागद टेबलावर शेजारी ठेवल्यावर निर्णय अधिकारी बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला. सूचक शेजाऱ्याला मी बाहेरच्या बाकावर बसवून एकच प्रश्न विचारला, की हे पत्र तुला काकांनी दिलं का? तो नवखा होता. दोन मिनिटांत त्याने खासदारांच्या स्वीय सहायकाकडे बोट दाखवलं. ते गृहस्थ व्हरांड्यातच उभे होते.

स्वीय सहायक मवाळ, सुशिक्षित, पन्नाशीचे. अशा माणसावर ओरडून काही मिळत नाही. मी त्यांना खुर्ची दिली आणि सन्मानपत्र समोर ठेवलं. विचारलं, “ही सही खासदार साहेबांची ना?” ते हो म्हणाले. मग मी माघारीचं पत्र त्याशेजारी ठेवलं आणि म्हटलं की मग ही पण त्यांचीच दिसते, म्हणजे खोटं पत्र खुद्द साहेबांनी केलं असं मी नोंदवू का?

त्यांनी दोन्ही कागद एकमेकांजवळ सरकवले. हो म्हणावं तर साहेब अडकतात, नाही म्हणावं तर स्वतः. शेवटी थकलेल्या आवाजात म्हणाले, “साहेबांना सह्या करायला वेळ कुठे असतो? बारा वर्षं त्यांच्या सगळ्या सह्या मीच करतो. काकांची म्हणून वेगळी काढायची ठरवली होती. पण नाव तेच ना. हात सवयीने वळला.”

निर्णय अधिकारी बाईंनी माघारीची सूचना फेटाळली आणि बनावट पत्राबद्दल लेखी फिर्याद दिली. आम्ही रीतसर गुन्हा नोंदवला. खासदार म्हणाले की मला यातलं काहीच माहीत नाही, आणि मला वाटतं ते खरंही होतं. पुढे तपासात त्यांच्या नमुना सह्या घ्याव्या लागल्या. त्यांनी तीनदा स्वतःचं नाव लिहिलं. तीनही सह्या एकमेकींशी जुळल्या नाहीत आणि त्यांच्या स्वतःच्या लेटरहेडशी तर अजिबातच नाही. हस्ताक्षर तज्ज्ञांच्या अहवालाप्रमाणे खासदारांच्या सहीशी तंतोतंत जुळणारी सही फक्त आरोपीचीच होती.

तीन वाजून दहा मिनिटांनी काका आले. बरोबर काकी होत्या, काठापदराचं लुगडं नेसून. चिन्हवाटप सुरू झालं होतं. काकांनी नळ मागितला. मोकळ्या चिन्हांच्या यादीत नळ नव्हता. त्यांच्या वाट्याला ढोबळी मिरची आली. आमच्या घरी ती कुणी खात नाही, असं काकी म्हणाल्या, पण चिन्ह बदलत नाही.

त्यानंतरचे पंधरा दिवस मी बंदोबस्ताच्या निमित्ताने सगळ्यांचा प्रचार पाहिला. एक बडा उमेदवार मतदारांना समुद्राखालून रस्ता देत होता, दुसरा समुद्रावरून. दोघेही चोवीस तास पाणी देत होते. काका एकटे चाळी-चाळींतून फिरायचे. एकदा मी त्यांना परळच्या एका इमारतीच्या आवारात ऐकलं. ते सांगत होते, “माझं नाव खासदारांचंच आहे, पण मी ते नाही. त्यांना मत द्यायचं असेल तर फोटो बघून बटण दाबा, चुकून मला देऊ नका. पाणी खासदार सोडत नाही, पालिका सोडते. मी निवडून आलो तर तुमच्या गल्लीत पाणी वाढणार नाही. दिल्लीत जाऊन वाचीन, समजून घेईन, मग हात वर करीन.” त्यानंतर त्यांनी आवारातला व्हॉल्व्ह कुठे आहे, कुणाकडे अर्ज करायचा, हेही सांगितलं.

ज्याने त्यांना उभं केलं होतं तो प्रतिस्पर्धी संतापला. त्याची सगळी युक्ती काका स्वतःच्या तोंडाने उधळत होते. आणि खासदारांचं एकही मत चुकून वाया जाऊ नये म्हणून संपूर्ण मतदारसंघात प्रामाणिकपणे धडपडणारा एकच माणूस होता. त्यालाच खासदारांच्या कार्यालयाने काढायला बघितलं होतं. हवालदारबाईंनी मला विचारलं की काकांना एवढं कशाला पडलंय. मी म्हटलं, एकदा त्यांनाच विचारू.

मतमोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत चित्र स्पष्ट झालं. खासदार पुढे होते आणि पुढेच राहणार होते. बाकीचे अपक्ष एकेक करून निघून गेले. प्रतिस्पर्धी तर तिसऱ्या फेरीनंतर दिसलाच नाही. काका उमेदवारांसाठी ठेवलेल्या खुर्चीवर डबा शेजारी ठेवून बसले होते. प्रत्येक फेरीचे आकडे वाचले की मान हलवायचे. त्यांची मतं थोडी होती.

शेवटी निर्णय अधिकारी बाईंनी निकाल जाहीर केला आणि प्रमाणपत्र घेण्यासाठी विजयी उमेदवाराचं नाव आणि आडनाव पुकारलं. खासदार विजयाच्या मिरवणुकीत अडकले होते, पोचले नव्हते. सभागृहात त्या नावाचा एकच माणूस होता. काका उभे राहिले आणि हात जोडून म्हणाले, “ते येतायत, मॅडम. पाच मिनिटं थांबा.” बाईही उभ्या राहिल्या. त्यांच्यामागे टेबलांवरचे कर्मचारीही उठले. कुणी सांगितलं नव्हतं.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. आम्ही पोलीस माणसाची ओळख नावावरून करतो, वडिलांच्या नावावरून, पत्त्यावरून, अंगठ्याच्या ठशावरून. तीन दिवस सगळी यंत्रणा एका नावामागे धावत होती, आणि माणूस कसा आहे हे फक्त कुळीथ निवडणाऱ्या त्याच्या बायकोने सांगितलं होतं. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मी प्रत्येक तक्रारदाराला उंची-रंगाच्या आधी एक प्रश्न विचारत गेलो, की तो माणूस दिवसभर काय करतो. त्या प्रश्नामुळे मला त्या थोड्या काळात दोन हरवलेली माणसं सापडली.

निकालाच्या संध्याकाळी मतमोजणी केंद्राबाहेर गुलाल उडत होता. मी काकांना फाटकापर्यंत सोडायला गेलो. म्हटलं, “काका, निकाल तर दुपारीच कळला होता. तुम्ही एवढा वेळ कशाला बसलात?”

ते म्हणाले, “मी सगळीकडे सांगितलं होतं, चुकून मत देऊ नका. म्हणजे ज्यांनी दिलं त्यांनी जाणून दिलं, साहेब. त्यांची मोजणी संपायच्या आधी उठायचं कसं?”